निखर्वाच्या घरची नळी

११ नोव्हेंबर २०१४, मंगळवार. त्या दिवशी केटल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीवरून पोरी हॉस्टेलवर परतल्या की पहिल्या आठवड्यात केटल्याच येतात. आधी कोरडी चालू करायची, मग पाणी आठवायचं, असा त्यांचा क्रम. नांदेडला आमच्या दुकानासमोरच्या इमारतीत तेव्हा तीन मजल्यांवर तीन क्लास होते आणि आजूबाजूला सगळी हॉस्टेलं. सासऱ्यांनी हे दुकान रेडिओचं म्हणून काढलं होतं. पाटीवर अजून रेडिओच होता. टेबलावर मात्र चार्जर, इमर्जन्सी दिवे आणि केटल्या. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. बंद पडलेली वस्तू माझ्यासमोर आली आणि चालू होऊन गेली की माझा दिवस बरा जातो, मग ती काहीही असो.

अकरावी केटली उघडलेली असताना लातूरहून फोन आला. कॉलेजात मला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, पण ‘कशी आहेस’ वगैरे विचारण्याची पद्धत त्यांनी तेव्हाही पाळली नव्हती, आताही पाळली नाही.

“अजून रेडिओ उघडतेस का गं?”

“रेडिओ कमी मॅडम, केटल्या जास्त.”

“मग तुला जरा बरं काम देते. आपली लॅब रिकामी करून राहिलेत. क्लासवाल्यांना देणार आहेत. प्राचार्य म्हणतात, जे चालू आहे ते ऑफिसजवळच्या काचेच्या कपाटात ठेवू, जे बंद आहे ते सोमवारी भंगारात. यादी केली आहे त्यांनी. दोनच रकाने, चालू आणि बंद.”

“आणि मशीन?”

“बंदच्या रकान्यात.” मग म्हणाल्या, “बंद नाहीये ती. तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. तिच्या बारा घरांपैकी एकच घर बंद होतं.

मशीन म्हणजे टेबलावरचा कॅल्क्युलेटर. आताच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तो टाइपरायटरएवढा होता आणि त्याला प्लग होता. सत्तरच्या दशकात मॅडमनी कॉलेजच्या मागे लागून लागून तो मागवून घेतला होता. समोर काळसर काच, आणि काचेमागे बारा छोट्या काचेच्या नळ्या ओळीने उभ्या. प्रत्येक नळीत एक आकडा उजळायचा, मोरपंखी हिरवा. शेवटच्या नळीपासून डावीकडे एकं, दहं, शतं, हजार. बारा नळ्या म्हणजे बारा घरं. आमच्यात त्याला दुसरं नाव नव्हतं, ‘मशीन’ एवढंच. दुसरी मशीन कॉलेजात नव्हतीच.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा भूकंप झाला. माझं माहेर रेणापूरचं, पण मी लातूरला हॉस्टेलवर होते. पहाटे आम्ही सगळ्या मैदानात पळालो आणि उजाडेपर्यंत तिथंच बसलो. किल्लारीकडच्या बातम्या दिवस वर आल्यावर यायला लागल्या. कॉलेज काही आठवडे बंद होतं. उघडलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मैत्रीण आली नाही. तिच्या गावाचं नाव आम्ही पेपरात वाचलं होतं, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

लॅबमधलं मोठं कपाट भिंतीपासून सुटून टेबलावर कललं होतं आणि मशीन खाली फरशीवर पडली होती. मॅडमनी ती स्वतः उचलली, पुसली आणि प्लग लावला. आकडे आले. फक्त उजवीकडून चौथं घर, हजाराचं, काळं राहिलं. पुढं हैदराबादहून कंपनीचा माणूस आला, बघून म्हणाला की ही नळी आता कुठंच बनत नाही. चहा घेऊन गेला.

कॉलेज उघडलं त्याच महिन्यात मॅडमनी आम्हाला कामाला लावलं. गावोगाव फिरून आलेल्या स्वयंसेवकांचे कागद त्यांनी लॅबमध्ये मागवले होते. घरटी माणसं किती, घोंगडी किती हवीत, भांडी किती. त्या कागदांच्या बेरजा आम्ही त्या मशीनवर केल्या. आणि घोंगड्यांच्या बेरजेत हजाराचं घर नेमकं लागतं. काळ्या घरामुळे ३७१२ हा आकडा अनोळखी माणसाला ७१२ दिसायचा.

म्हणून नऊची रीत आली. ती अशी. समजा ५८ ला ६४ ने गुणलं. पाच आणि आठ तेरा, एक आणि तीन चार. सहा आणि चार दहा, म्हणजे एक. चार एके चार. उत्तराच्या आकड्यांची बेरीजही शेवटी चारच यायला हवी. पडद्यावर दिसतंय ७१२, त्याची बेरीज दहा, म्हणजे एक. चाराला तीन कमी. म्हणजे काळ्या घरात तीन आहे. उत्तर ३७१२. शून्य आणि नऊ तेवढे या रीतीत ओळखू येत नाहीत, दोन्ही सारखेच. तिथं हातानं गुणाकार करायचा.

प्रत्येक बेरजेला हे करायचं म्हणजे किती वेळ लागत असेल बघा. आठवडाभर केल्यावर माझ्या लक्षात आलं की आलेल्या उत्तराला दहाने गुणलं तर सगळे आकडे एक घर डावीकडे सरकतात आणि हजाराचा आकडा उजेडात येतो. मी मोठ्या अभिमानानं मॅडमना जाऊन सांगितलं.

“हाव का?” त्या म्हणाल्या. “मला काय ठाऊक नाही? मशीन पडली त्याच दिवशी ठाऊक झालं मला.”

“मग मॅडम?”

“मग काय मग? आकडा सरकेल, डोकं कुठं सरकतंय? आणि बटण दाबताना चूक झाली असली तर तुझा दहाचा गुणाकार ती सांगतो का? नऊची रीत सांगते. माणसं थंडीत बसली आहेत. चुकलं तर कुणाला तरी घोंगडं कमी पडतंय. वर्गात बोललीस ना, तर बघ.”

मी बोलले नाही. आमच्या मागून दहा वर्षं सगळ्या तुकड्या नऊची रीत शिकल्या. खिशातले कॅल्क्युलेटर आले, कॉम्प्युटर आले, तरी पहिल्या वर्षाला पहिलं प्रात्यक्षिक त्याच मशीनवर. मॅडम निवृत्त झाल्यावर ते बंद झालं. नंतर मुलंही बंद झाली. सगळी अकरावी-बारावीपुरती कॉलेजात नाव घालून क्लासला बसायला लागली.

बुधवारी मी एसटीनं लातूरला गेले. लॅबच्या बाहेर क्लासची नवी बाकं थप्पी लावून ठेवलेली होती. मॅडम आत स्टुलावर मशीनशेजारी बसल्या होत्या, जणू कुणी उचलून नेईल. मी मशीन चादरीत बांधली आणि परतीच्या गाडीत मांडीवर घेतली. अहमदपूरला शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “शिलाई मशीन का ओ ताई?” मी हो म्हटलं. लोह्यापर्यंत त्या मला ब्लाउजच्या शिलाईबद्दल सांगत होत्या.

गुरुवारी सकाळी मशीन उघडली. सासरे नेहमीप्रमाणे त्यांच्या खुर्चीत होते. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी सोल्डरिंगची कांडी माझ्याकडे दिली होती, पण खुर्ची सोडली नव्हती. साठ वर्षं त्यांनी रेडिओच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, बदलल्या होत्या. त्यांच्या मागच्या फळीवर पुठ्ठ्याच्या खोक्यांत अजून शंभरेक नळ्या होत्या, आणि कुठल्या खोक्यात कुठली हे त्यांना न बघता सांगता यायचं.

“चौथी मेली,” त्यांनी खुर्चीतूनच सांगितलं. “डाग बघ.”

काचेच्या नळीच्या आत माथ्याशी चांदीसारखा एक डाग असतो. नळीत हवा शिरली की तो पांढरा पडतो. रेडिओच्या नळीचं तसं, हिचंही तसंच. बाकी अकरांचे डाग आरशासारखे होते, चौथीचा चुन्यासारखा. बुडाशी काचेला केसाएवढी भेग. एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेची.

म्हणजे बाकी सगळं ठीक, एक नळी मिळाली की झालं. माझ्याकडे गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार होते.

इंटरनेटवर तसल्या नळ्या दिसल्या, परदेशात. यायला महिना लागणार. हैदराबादच्या जुन्या सामानाच्या बाजारात सासऱ्यांच्या ओळखीच्या दुकानात फोन केला. तो माणूस इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला. “वो माल तो कब का खतम हो गया बाई. रेडिओ की नली होना तो बोलो.” नांदेडच्या भंगारवाल्यांकडे दोन फेऱ्या मारल्या. त्यांच्याकडे प्रिंटर होते, डोंगर होईल एवढे. बिलोलीला माझा नवरा शाळेत शिक्षक होता, त्याला तिथल्या एका जुन्या दुकानात पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. “होतं म्हणे एक तसलं. गेल्या वर्षी मोडीत दिलं. पण कंधारच्या टाइपरायटरवाल्याकडं एक असंल म्हणतात.”

शुक्रवारी कंधारला गेले. टाइपरायटरवाल्याचं आता झेरॉक्सचं दुकान झालं होतं. अर्ज भरून मिळतील, लॅमिनेशन करून मिळेल, अशी पाटी. आणि काउंटरवर, कागद उडू नयेत म्हणून, झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर एक मशीन ठेवलेली. आमच्या मशीनची धाकटी बहीण. एका जिनिंगच्या ऑफिसातून त्यांच्याकडे दुरुस्तीला आली होती आणि नेणारं कुणी आलं नव्हतं.

“आतलं सामान पाहिजे होतं,” मी म्हटलं.

“आणि मग माझे कागद कशानं दबतील ताई?”

“खोकं राहू देते की तुम्हाला. आतलंच नेते.”

“हलकं होईल मग ते.”

“आत दगड भरून देते.”

ते हसले. त्यांचं लॅमिनेशनचं यंत्र दोन दिवस तापत नव्हतं, गिऱ्हाइकं परत जात होती. मी ते उघडलं, आतला एक जळका फ्यूज बदलला, रोलर पुसले. तेवढ्यावर सौदा झाला. खोक्यात भरायला त्यांनी खरोखरच बाहेरून एक विटेचा तुकडा आणून दिला.

त्या मशीनमध्ये आठच नळ्या होत्या. मापं जुळत होती, बुडाच्या तारांचे पायही तितकेच. पण सात नळ्यांचे डाग पांढरे. कुणीतरी कधीतरी ती आपटली असणार. एकच नळी चांगली, चांदी लखलखीत. मी ती रुमालात गुंडाळून डब्यात ठेवली, पोळीच्या वरच्या बाजूला.

शनिवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या आम्ही ती तपासायला घेतली. आता जे झालं ते नीट सांगते, कारण ते मी केलं.

रेडिओची नळी तपासायची सासऱ्यांची पद्धत पक्की होती. आधी आतली तार बघायची. तारेला वीज दिली की ती तापून लाल दिसली पाहिजे. लाल दिसली की नळी चांगली, मग बाकीचं बघायचं. लाल नाही दिसली तर पुढचं बघायचं कारणच नाही. मी दुकानात आले त्या पहिल्या महिन्यात त्यांनी मला हेच शिकवलं होतं आणि मी हजार वेळा तरी ते केलं असेल.

मी तारेच्या दोन पायांना पेन्सिल सेल जोडला.

“लाल दिसून राहिली का?”

मी वाकून बघितलं. केसापेक्षा बारीक तार. “न्हाई बाबा.”

“दिवा बंद करून बघ.”

ट्यूबलाइट बंद केली. शटर अर्ध्यावर ओढलं. काही नाही.

“सेल उतरलेला असंल. अजून एक लाव.”

मी दुसरा सेल मागे जोडला. तार लाल झाली. इतकी सुंदर लाल की सासरे खुर्चीतून उठून आले. “हां! बराबर!” ते म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं पुरं व्हायच्या आत तार तुटली. आवाजसुद्धा आला नाही. लाल होती, मग नव्हती.

मी सेल काढला. ते नळी हातात घेऊन उजेडाकडे धरून बघत राहिले. बारीक तारेची दोन टोकं आत लोंबत होती.

“गेली,” मी म्हटलं.

“हाव. गेली.”

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. संगणकावर बसून वाचलं. आकड्यांच्या या नळीची तार लाल दिसायची नसतेच. ती अर्ध्याच तापमानावर काम करते. डोळ्याला दिसत नाही, तरी आकडा उजळतो. लाल दिसली म्हणजे जळायला लागली. एका सेलवर ती व्यवस्थित तापली होती, किंबहुना जरा जास्तच. आम्ही आकड्याच्या पायांना वीज दिली असती तर त्याच क्षणी हिरवा आकडा दिसला असता. पण आमच्या पद्धतीत ते नंतर होतं.

सासऱ्यांना वाचून दाखवलं. दुपारी घरून डबा आला तो त्यांनी न उघडता तसाच परत पाठवला. संध्याकाळी नवरा बिलोलीहून आला, त्यानं विचारलं, “बाबांना काय झालं?” मी सांगितलं की एक नळी जाळली, माझ्या हातानं. तो म्हणाला, “एका नळीसाठी?” मी म्हटलं, “एकच होती.”

रविवारी दुकान बंद असतं. पण मी सकाळी गेले, मशीन निदान परत जोडून ठेवावी म्हणून. सोमवारी ती आहे तशी लातूरला न्यायची आणि मॅडमना सांगायचं, एवढंच उरलं होतं. पाहते तर सासरे आधीच येऊन खुर्ची मशीनजवळ ओढून बसलेले.

“सूनबाई, या घरांची नावं सांग गं. उजवीकडून.”

“एकं, दहं, शतं, हजार.”

“ही मेलेली. पुढं?”

“दहा हजार, लाख, दहा लाख, कोटी, दहा कोटी, अब्ज.” शाळेत पाढ्यांबरोबर पाठ केलेलं असतं ते. “खर्व. आणि शेवटची निखर्व.”

“निखर्व म्हणजे किती?”

“एकावर अकरा शून्यं.”

“नांदेडात कुणाला लागतं एवढं?”

“लातूरलाही न्हाई लागत बाबा.”

“मग ही डावीकडची शेवटची कधी पेटली असंल?”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मशीनकडे बघत होते.

“रेडिओत एक नळी गेली,” ते म्हणाले, “आणि त्याच जातीची दुसरी कमी महत्त्वाच्या जागेवर असली, तर आम्ही काय करायचो? तिथली काढून इथं लावायचो. गिऱ्हाइकाला बातम्या ऐकू आल्याशी मतलब. उरलेलं मग पुढच्या आठवड्यात. जुन्या लोकांना विचार कुणालाही.”

इतकं साधं होतं. दोन दिवस मी नांदेड, कंधार, बिलोली धुंडाळत होते आणि चांगली, जवळजवळ न वापरलेली, त्याच जातीची नळी त्याच मशीनमध्ये डावीकडे उभी होती. मशीनवर काम करणाऱ्यालाच बहुधा हे दिसत नाही, कारण बारा घरं म्हणजे बारा, असं तो धरूनच चालतो.

दोन्ही नळ्या काढायला पाऊण तास लागला. पाय बारीक असतात, काचेजवळ वाकवले की तुटतात. सासरे भिंग धरून होते. हात थरथरत असल्यामुळे भिंगही थरथरत होतं. चौथ्या घरात नळी बसवली, एकेक पाय जोडला. मेलेली नळी डावीकडे लावून टाकली, जागा रिकामी नको म्हणून.

प्लग लावला. ५८ गुणिले ६४.

३७१२.

तीन बाकीच्यांपेक्षा लखलखीत होता. बाकीच्या नळ्या तीस वर्षं जळून फिकट झाल्या होत्या, ही ताजी. ओळीत ती एकच नवा दात बसवल्यासारखी दिसत होती.

“डबा आणलाय का काही?” सासऱ्यांनी विचारलं.

“आज रविवार आहे बाबा. घरी जाऊन जेवायचं.”

“मग चल की.”

सोमवारी दहा वाजता मी कॉलेजात होते. मॅडम गेटपाशीच उभ्या. मी त्यांना आधी सगळं सांगितलं, जाळलेल्या नळीसकट. हजार पेटतं, निखर्व मेलं.

“निखर्व,” त्या म्हणाल्या. “बरं.”

प्राचार्यांना वेळ नव्हता. त्यांच्या दाराबाहेर क्लासच्या दिवाळीनंतरच्या प्रवेशाची रांग होती, आई-बाप, पोरं, फायली. त्यांनी यादी उघडली, मशीनपाशी आले, आणि बोटानं दाबलं, दोन गुणिले दोन. चार आलं.

“चालू आहे की,” ते म्हणाले, आणि एका रकान्यातली खूण खोडून दुसऱ्यात केली.

आठवडाभराची धावपळ, आणि त्यांनी एकंचं घर बघितलं. हजाराचं नाही, निखर्वाचं तर नाहीच. मला हसू आलं, पण मॅडमना नाही आलं. कपाट ऑफिसच्या बाहेर, रांगेला लागूनच होतं. शिपायानं प्लगसाठी वायर ओढून दिली. मॅडमनी मशीन लावली आणि रांगेतल्या लोकांच्या देखत ९९९९९९ ला ९९९९९९ ने गुणलं. पडद्यावर अकरा आकडे आले आणि डावीकडचं घर काळं.

“इकडं ये गं,” त्यांनी रांगेतल्या एका मुलीला बोलावलं. दोन वेण्या, पाठीवर तिच्यापेक्षा मोठी बॅग. “या मशीनचं पहिलं घर बंद आहे. तिथं कोणता आकडा असेल सांग. आता बघ, आधी आपण नऊची…”

“नऊ,” मुलगी म्हणाली.

मॅडम थांबल्या. “कशावरून?”

“दहा लाख वजा एक, त्याचा वर्ग. म्हणजे एकावर बारा शून्यं, त्यातून वीस लाख गेले, अधिक एक. नऊनं सुरू होणार.” मग तिनं बावरून तिच्या आईकडे बघितलं. “मॅडम, आम्हाला परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. म्हणून असं पाठ असतं.”

नऊच्या रीतीनं तिथं शून्य की नऊ हे कळलंच नसतं. मॅडमना ते ठाऊक होतं आणि त्यांनी मुद्दाम तसलाच आकडा घेतला होता, पोरगी अडकावी म्हणून. क्लासच्या मुलांबद्दल गेली पंधरा वर्षं त्या काय काय बोलल्या होत्या ते मी ऐकलं होतं.

“कोणत्या गावची?” त्यांनी विचारलं.

“औशाजवळची. किल्लारीच्या वाटेवर.”

“बरोबर आहे तुझं.” एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “ती नळी शोधू नकोस आता. राहू दे काळी. कुणीतरी विचारेल.”

परतीच्या गाडीत मांडी मोकळी होती. सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दुकान उघडलं. सासऱ्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि स्केचपेन पुढं केलं. त्यांच्या हातानं लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: ‘आकड्याची नळी. एकच सेल. तार दिसू नये.’ तो पुठ्ठा मी तपासणीच्या टेबलावर, त्यांच्या जुन्या नळ्यांच्या तक्त्याच्या शेजारी, खिळ्याला अडकवला. जळालेली नळी त्याच खिळ्याला दोऱ्यानं बांधली. मग केटल्या घेतल्या. आठवड्यात त्यांची संख्या एकोणीस झाली होती आणि दारात हॉस्टेलच्या आणखी दोघी उभ्या होत्या.